फक्त '२२ मिमी' पाहून घड्याळाचा स्टीलचा पट्टा घेऊ नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुमच्याकडे ४२ मिमी केसचं, म्हणजे यंत्र ज्यात बसतं त्या धातूच्या कवचाचं, ऑटोमॅटिक डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या धाटणीचं) घड्याळ आहे. लगांमधलं, म्हणजे पट्टा अडकवायला केसमधून पुढे आलेल्या शिंगांमधलं, अंतर २२ मिमी आणि तुमचं मनगट साडेसोळा सेंटिमीटर. घड्याळासोबत आलेला स्टीलचा पट्टा खुळखुळतो आणि हातावरचे केस ओढतो. म्हणून बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला, पट्टा घ्यायचा आहे आणि तुम्ही तीन बाजूला काढून ठेवलेत: 'कुठल्याही २२ मिमी घड्याळाला बसेल' असं लिहिलेला एक, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला भरीव स्टीलचा एक, आणि टायटॅनियमचा एक. मागे एका पट्ट्याने मनगटावर पुरळ उठलं होतं, त्यामुळे धातूबद्दल मनात भीती आहे. शिवाय पट्टा बदलल्यावर घड्याळात पाणी शिरेल का, हीही शंका आहे.

शेवटच्या शंकेचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. नाही, शिरणार नाही. पट्ट्याची पिन ज्या भोकांत बसते ती भोकं लगांमध्ये असतात, केसच्या आतल्या पोकळीशी त्यांचा संबंध नसतो. पाणी अडवणारे गॅस्केट मागच्या झाकणाला, काचेला आणि चावीला असतात. पट्टा काढताना त्यांना कुणी हात लावत नाही.

आता मूळ मुद्दा. 'तिन्हींपैकी चांगला कुठला' असं तुम्ही विचारलंय, पण खरा प्रश्न 'माझ्या केसवर नीट बसेल असा कुठला' हा आहे. हे दोन प्रश्न सारखे वाटतात, तरी त्यांची उत्तरं बरेचदा वेगळी निघतात. मी तेवीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. नवा पट्टा घेऊन नाराज होऊन परत आलेल्या माणसांची तक्रार कड्यांच्या आकाराबद्दल क्वचितच असते. तक्रार असते ती दोन टोकांची: जिथे पट्टा घड्याळाला जोडला जातो तिथे फट, आवाज किंवा चरे, नाहीतर जिथे तो बंद होतो तिथे घट्ट किंवा ढिला. मधल्या कड्या म्हणजे बहुतांशी आवडीनिवडीचा भाग. म्हणून मी पट्टा पाहताना आधी दोन्ही टोकं पाहतो आणि मग मधला भाग. तुम्हीही तसंच करा.

पहिलं टोक म्हणजे लगाजवळची शेवटची कडी, जिला सगळे एंड लिंक म्हणतात. पट्ट्यावर छापलेलं २२ मिमी हे फक्त तिच्या रुंदीचं माप आहे. ती तुमच्या घड्याळात बसायची तर आणखी चार गोष्टी जुळाव्या लागतात. लगांमध्ये केसची जी भिंत दिसते तिची गोलाई किती आहे. पिनेची भोकं त्या भिंतीपासून किती लांब आहेत. ती किती उंचीवर आहेत, म्हणजे लगाच्या तळापासून किती वर. आणि लग स्वतः किती जाड आणि किती खाली वळलेले आहेत. दोन घड्याळं अगदी बरोबर २२ मिमीची असून या चारही बाबतींत वेगळी असू शकतात. भोकं भिंतीपासून अर्धा मिलिमीटर लांब असली की एका घड्याळाला चपखल बसणारी कडी दुसऱ्यावर मागेपुढे हलते. अर्धा मिलिमीटर जवळ असली तर ती कडी बसतच नाही, आणि बसवायचा हट्ट केला तर केसवर दाब देत राहते.

म्हणूनच 'कुठल्याही २२ मिमी घड्याळाला बसेल' असा वक्र टोकाचा पट्टा माझ्या मते सगळ्यात वाईट खरेदी आहे. वक्र टोक एका ठरावीक गोलाईसाठीच कापलेलं असतं. सर्वांसाठी म्हणून कापलेलं टोक सरासरी गोलाईचं असतं, आणि तुमच्या घड्याळाची गोलाई नेमकी तेवढी असणं हा निव्वळ योगायोग ठरेल. सरळ टोकाच्या पट्ट्याला मी हा दोष देणार नाही. तो भिंतीला टेकण्याचा प्रयत्नच करत नाही. मध्ये फट दिसते, पिन दिसते, पण काही घासत नाही आणि काही खुळखुळत नाही. जाळीचा मिलानीज पट्टा किंवा जुन्या घड्याळांवर दिसणारा, तांदळाच्या दाण्यांसारख्या बारीक कड्यांचा पट्टा सरळ टोकाने सुरेख दिसतो. तुमचं घड्याळ मात्र जाडजूड डायव्हर आहे. त्यावर सरळ टोकाची नेहमीची, तीन तुकड्यांच्या कड्यांची चेन लावली तर लगांमधली ती मोठी अर्धगोल फट रोज डोळ्यांना खुपेल. भरड जाळीचा पट्टा शोभेल. तो तुमच्या यादीत नाही, पण आवडला तर विचार करा.

एंड लिंक भरीव असावी की पोकळ, याबद्दल लोक फार ठाम बोलतात. भरीव चांगली, पोकळ टाकाऊ, असं सर्रास ऐकायला येतं. मी थोडं वेगळं सांगेन. पोकळ एंड लिंक म्हणजे दुमडलेला पत्रा. ती हलकी असते, वाजते, आणि कालांतराने तिचे कान फाकतात. पण तिचा एक गुण आहे: हातात पक्कड आणि संयम असेल तर ती थोडी दाबून केसच्या आकाराला जुळवता येते. भरीव एंड लिंक अशी दबत नाही. ती बरोबर कापलेली असेल तर घड्याळ आणि पट्टा एकाच तुकड्यातून काढल्यासारखे वाटतात. चुकीची कापलेली असेल तर कानस मारण्याशिवाय उपाय नाही. तेव्हा नीट बसणारी पोकळ कडी चुकीच्या मापाच्या भरीव कडीपेक्षा शंभर पटींनी बरी. आणि कानस मारायचीच वेळ आली तर ती नेहमी पट्ट्यावर मारायची, केसवर कधीही नाही. पट्टा पुन्हा मिळतो, केसची धार गेली की गेली.

तुमचा जुना पट्टा का खुळखुळतो, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. घड्याळ हातात धरा, एंड लिंक अंगठ्याने दाबून ठेवा आणि घड्याळ हलवा. आवाज थांबला तर दोष एंड लिंकचा. तसाच राहिला तर कड्यांच्या सांध्यांचा किंवा लॉकचा. ही चाचणी नव्या पट्ट्यालाही लावा.

आता पिनेबद्दल. पट्टे विकणारे याकडे सर्वांत कमी लक्ष देतात आणि घड्याळ हातातून पडतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. लगांच्या भोकांत बसणाऱ्या या पिनेला, म्हणजे स्प्रिंग बारला, लांबी असते तशी जाडीही असते, आणि टोकांची जाडी वेगळी असते. बऱ्याच घड्याळांच्या पिना दीड किंवा १.८ मिमी जाड असतात. सेकोच्या अनेक डायव्हर घड्याळांत मात्र २.५ मिमीच्या जाड पिना असतात, त्यांची टोकंही जाड, आणि लगांमधली भोकं त्या जाड टोकांसाठीच पाडलेली. असं घड्याळ असेल आणि नव्या पट्ट्याच्या एंड लिंकमधली नळी फक्त १.८ मिमीची असेल, तर मूळ पिन त्यात जाणार नाही. मग माणूस पट्ट्यासोबत आलेली बारीक पिन लावतो. बारीक पिनेचं बारीक टोक मोठ्या भोकात सैल बसतं. पट्टा हलतो, आवाज करतो, आणि टोक भोकाची कड हळूहळू खात राहतं. यावर उपाय आहे: मधला भाग १.८ मिमी पण टोकं जाड अशा पिना मिळतात. मॉडेलसाठी खास बनवलेल्या चांगल्या पट्ट्यासोबत बहुधा योग्य पिना येतात, तरी घेण्याआधी विचारा. तुमच्या जुन्या पिनेची जाडी आणि टोकाची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवा. ही दोन मापं नसताना पट्टा मागवणं म्हणजे पायाचं माप न देता बूट मागवणं.

एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ नवा पट्टा घरीच बसवून चार दिवस वापरत होते. पाचव्या दिवशी जड बॅग उचलताना घड्याळ मनगटावरून सुटलं आणि फरशीवर आपटलं. काच फुटली, आतल्या बॅलन्स चाकाच्या आसाचं बारीक टोक, म्हणजे पिवट, मोडलं. मी पिन पाहिली तर ती शाबूत होती. तिचं एक टोक भोकात शिरलंच नव्हतं, भोकाच्या कडेला नुसतं टेकलेलं होतं आणि चार दिवस तसंच अडकून राहिलं होतं. त्यांचा हलगर्जीपणा नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पट्टा बसवून देताना मी प्रत्येकाला एक गोष्ट करून दाखवतो: पिन बसल्यावर 'टक्' असा हलका आवाज येतो. तो ऐकल्यावरही घड्याळ मऊ कापडावर धरून पट्टा बाहेरच्या दिशेने नीट ओढून पाहायचा, मग डावीउजवीकडे तिरका दाबून पाहायचा. दोन्ही बाजूंना. लगांना आरपार भोकं असतील तर बाहेरून पिनेचं टोक दिसतं, तेही भिंगातून बघायचं.

साडेसोळा सेंटिमीटर मनगटामुळे आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची ठरते. एंड लिंक दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात तिचा मधला भाग लगांच्या बाहेर पुढे आलेला असतो आणि पुढची कडी त्या पुढे आलेल्या टोकाला जोडलेली असते. दुसऱ्यात मधला भाग आत कापलेला असतो, पुढच्या कडीचा मधला तुकडा त्या खाचेत शिरतो आणि पट्टा अगदी लगाजवळूनच खाली वळतो. पहिल्या प्रकारात तो पुढे आलेला भाग वाकत नाही, त्यामुळे घड्याळाची लांबी वाढल्यासारखी होते. हिशोब करून पाहा. समजा घड्याळ लगाच्या टोकापासून टोकापर्यंत ४७ मिमी आहे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचा न वाकणारा भाग पुढे आला. झाले ५३. साडेसोळा सेंटिमीटर घेराच्या मनगटाची वरची सपाट बाजू साधारण ५२ ते ५५ मिमी भरते, मनगट चपटं की गोल यावर थोडं कमीजास्त. म्हणजे पट्टा मनगटाच्या कडेला पोहोचला तरी वळायला तयार नाही, आणि खाली दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी पोकळी. असं घड्याळ हातावर मोठं दिसतं आणि लोक दोष केसला देतात. तुम्ही खाच असलेलीच एंड लिंक घ्या. चित्रांमध्ये हे ओळखायला सोपं आहे: पट्टा केसपासून लगेच काटकोनात लोंबतोय असा फोटो मागा. तसा लोंबत असेल तर काम झालं.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ, कारण पुढे विषय बदलतो: वक्र टोक हवं असेल तर ते तुमच्याच मॉडेलसाठी कापलेलं, पिनेची दोन्ही मापं जुळणारी, आणि लगाजवळूनच वळणारं. तुमचा पहिला पर्याय यात बाद होतो. दुसरा टिकतो. तिसऱ्याचं टोक कुठल्या घड्याळासाठी कापलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि टायटॅनियम आहे म्हणून हा प्रश्न माफ होत नाही.

आता धातू. स्टीलच्या पट्ट्यांत दोन प्रकार जास्त दिसतात, ३०४ आणि ३१६एल. दोन्हींत क्रोमियम आणि निकेल असतं. ३१६एलमध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि 'एल' म्हणजे कार्बन कमी, जास्तीत जास्त ०.०३ टक्के. फरक कुठे पडतो? घामातल्या मिठात. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो खरवडला गेला की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा तयार होतो. पट्ट्याच्या दोन कड्यांमधल्या बारीक फटीत घाम, मळ आणि साबण साचतो, तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि मिठातलं क्लोराइड त्या थराला भोकं पाडू लागतो. म्हणून पट्टा वरून चकचकीत असतो आणि पिन बाहेर काढली की तपकिरी निघते. मॉलिब्डेनम या हल्ल्याला चांगला प्रतिकार करतं. पट्ट्यावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल आणि विचारल्यावरही विक्रेता प्रकार सांगत नसेल, तर मी तो पट्टा रोज घाम येणाऱ्या हातासाठी घेणार नाही. चुंबक लावून हे ठरवता येत नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. रोलेक्स १९८५ पासून ९०४एल वापरू लागली, ते स्टील गंजाला आणखी चांगलं तोंड देतं. पण बाहेरच्या पट्ट्यात त्याच्या मागे लागू नका. ३१६एल पुरेसं आहे, आणि तुमच्या केसचं स्टीलही बहुधा तेच असेल, त्यामुळे रंगही जुळेल.

पुरळाबद्दल मी सावधपणे बोलतो, कारण त्वचेचं निदान हे माझं काम नाही. ३१६एलमध्ये साधारण दहा ते चौदा टक्के निकेल असतं, हे वाचून घाबरू नका. धातूत निकेल किती आहे यापेक्षा ते त्वचेवर किती सुटतं हे महत्त्वाचं. युरोपीय संघाचा नियमही सुटणाऱ्या निकेलवरच आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूसाठी आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम. चांगल्या ३१६एलमधून निकेल फारच कमी सुटतं. माझ्याकडे पुरळाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचे पट्टे बहुतेकदा मुलामा दिलेल्या पितळेचे किंवा दुसऱ्या हलक्या धातूचे असतात आणि मुलामा घासून गेलेला असतो. कधी पट्टा स्टीलचाच असतो, पण कड्यांत साबण आणि मळ घट्ट बसलेला. मी पट्टा स्वच्छ करून देतो आणि पुष्कळांचा त्रास तिथेच थांबतो. तुमचा तो जुना पट्टा कसला होता हे आठवून पाहा. पुरळ घड्याळाखेरीज इतर वस्तूंनीही उठत असेल, कानातल्यांनी, पॅंटच्या बटणाने, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी, करून घ्या. निकेलचीच ॲलर्जी निघाली तर टायटॅनियमकडे वळणं योग्य, मात्र एक प्रश्न विचारायला विसरू नका: लॉकही टायटॅनियमचंच आहे का? अनेक टायटॅनियम पट्ट्यांचं लॉक स्टीलचं असतं, आणि मनगटाच्या आतल्या नाजूक त्वचेवर टेकतं ते लॉकच. शिवाय घड्याळाचं मागचं झाकण स्टीलचं आहे, ते पट्टा बदलून बदलत नाही.

ॲलर्जी नसेल तर तुमच्या घड्याळाला मी टायटॅनियम सुचवणार नाही. टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टीलची ८ च्या आसपास. म्हणजे त्याच मापाचा पट्टा जवळपास निम्म्या वजनाचा. ऐकायला छान वाटतं, पण तुमचं घड्याळ जड आहे. जड डोक्याला, म्हणजे जड केसला, हलका पट्टा लावला की घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या बाजूला घसरत राहतं आणि ते थांबवायला माणूस पट्टा आवळतो. मागच्या बाजूला थोडं वजन असलं की डोकं जागेवर राहतं. रंगाचाही प्रश्न आहे: टायटॅनियम राखाडी आणि किंचित उबदार दिसतं, स्टील पांढरं. उन्हात दोन्ही शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो. घड्याळच टायटॅनियमचं असेल तर माझं उत्तर पूर्ण उलटं असेल. आणि उलट टोकाची चूकही होते: जुन्या, पातळ, १८ मिमीच्या घड्याळाला लोक भरीव जड पट्टा लावतात आणि काही वर्षांत लगांची भोकं लांबुळकी होतात. तुमच्या डायव्हरचे लग दणकट आहेत, तुम्हाला ही काळजी नाही.

कड्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात. तीन तुकड्यांची सपाट कडी मजबूत दिसते, पण कडी लांब असते. पाच तुकड्यांच्या कड्या आखूड असतात, मनगटाच्या गोलाईला जास्त छान लपेटतात. रोलेक्सने १९४५ मध्ये डेटजस्टसोबत आणलेला ज्युबिली पट्टा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. लहान मनगटाला आखूड कड्या सोयीच्या. पट्टा लॉककडे निमुळता होत जावा हेही पाहा: २२ पासून १८ मिमीपर्यंत उतरणारा पट्टा तुमच्या हातावर हलका दिसेल, शेवटपर्यंत २२ राहणारा बेडीसारखा वाटेल. केसच्या लगांवर ब्रशच्या रेघा असतील तर पट्ट्यावरही त्याच दिशेच्या रेघा हव्यात.

हातावरचे केस ओढले जाण्याचं कारण म्हणजे कड्यांमधली फट आणि तीक्ष्ण कडा. दुमडलेल्या पत्र्याच्या कड्यांत दोन्ही असतात. भरीव कड्यांतही धारदार कडा गोल न करता सोडलेल्या असू शकतात. यासाठी माझी जुनी पद्धत आहे: कापसाचा बोळा घ्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून, लॉकच्या आतूनही, हलक्या हाताने दोन्ही दिशांनी फिरवा, पट्टा मधूनमधून वाकवत. जिथे तंतू अडकतो तिथे धार आहे. एकदोन ठिकाणी अडकला तर अतिशय बारीक पॉलिश पेपरने ती धार घालवता येते. सगळीकडे अडकला तर पट्टा परत करा.

कड्या एकमेकींना कशा जोडल्यात तेही बघा. स्क्रू असतील तर माप करणं सोपं, फक्त स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीचंच हवं, आणि परत बसवताना कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) अगदी इवलासा थेंब लावायचा, नाहीतर स्क्रू महिन्याभरात बाहेर डोकावतो. चिरलेल्या पिना असतील तर कडीच्या आत बाण कोरलेला असतो: बाणाच्या दिशेने पिन बाहेर ढकलायची, आणि परत घालताना उलट दिशेने, चिरलेलं टोक शेवटी आत जाईल अशी. तिसऱ्या प्रकारात पिनेवर एक बारीक नळी बसते, ती पिनेला धरून ठेवते. ही पद्धत पक्की आहे, पण नळी मोहरीएवढी असते आणि घरी काम करताना ती हरवते. नळी न घालता पिन बसवली तर ती कधीतरी नक्की सरकणार. असा पट्टा असेल तर कारागिराकडूनच माप करून घ्या.

आता दुसरं टोक, म्हणजे लॉक. मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. उष्म्याने, चालण्याने, संध्याकाळपर्यंत ते फुगतं. एक कडी काढली की पट्टा सात-आठ मिलिमीटरने कमी होतो, आणि आरामात बसण्यासाठी लागणारा फरक बरेचदा दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. हा फरक भरून काढायची सोय लॉकमध्ये हवी. साध्या लॉकच्या कडेला बारीक भोकांची रांग असते, त्यात पिन सरकवून माप बदलता येतं. किमान चार भोकं असावीत. बटण दाबून हातावरच सरकवता येणारं लॉक आणखी सोयीचं, उन्हाळ्यात त्याचं मोल कळतं. पण ते जाड आणि लांब असतं. तुमच्या मनगटाखाली चाळीसहून अधिक मिलिमीटरचा न वाकणारा ठोकळा आला तर टेबलावर हात टेकवताना तो टोचेल. शक्य असेल तर लॉकची लांबी विचारून घ्या आणि पट्टीने मनगटाखाली धरून बघा. दोन्ही बाजूंनी उघडणारं फुलपाखरासारखं लॉक दिसतं देखणं, पण त्यात बारीक माप बदलायची सोय बहुधा नसते. अर्ध्या कड्या मिळत नसतील तर ते मी टाळतो. दाबून वाकवलेल्या पत्र्याचं लॉक लगेच नाकारू नका, त्यातली काही वर्षानुवर्षं टिकतात. मात्र बंद केल्यावर ते बाजूला हलता कामा नये आणि 'कट्' असं एकदाच, स्वच्छ बंद झालं पाहिजे.

मिलानीज जाळीकडे तुमचं मन वळलं तर एक इशारा. चुंबकाने चिकटणारं लॉक असलेली जाळी ऑटोमॅटिक घड्याळाला लावू नका. रात्री पट्टा गुंडाळून ठेवला की चुंबक थेट केसपाशी येतो, घड्याळाची चाल ठरवणारी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीय होऊ शकते आणि घड्याळ एकदम पुढे पळू लागतं. डिमॅग्नेटाइझरने ते काही सेकंदांत बरं होतं, पण लॉक तेच असेल तर पुन्हा होणारच. आणि बाहेरच्या कुठल्याही पट्ट्यावर तुमच्या घड्याळाच्या कंपनीचा शिक्का दिसला तर तो घेऊ नका. प्रामाणिक उत्पादक स्वतःचं नाव घालतो किंवा लॉक कोरं ठेवतो.

तेव्हा तुमच्यासाठी माझं उत्तर: दुसरा पर्याय, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, ३१६एल, खाचेच्या एंड लिंकचा, निमुळता. पिनेची दोन मापं जुळत असतील तर मागवा, नसतील तर योग्य पिना मिळाल्याशिवाय नको. पॅच टेस्टमध्ये निकेल निघालं तर टायटॅनियम, तेही टोक तुमच्या घड्याळासाठीच कापलेलं असेल तरच.

पट्टा आल्यावर लगांच्या आतल्या आणि मागच्या बाजूला साधी चिकटपट्टी लावा, मग काम सुरू करा. प्लॅस्टिकचं आवरण आणि टॅग लगेच काढू नका. एंड लिंक बसवून पाहा, अंगठ्याची चाचणी करा, कापूस फिरवा. इथे काही खटकलं तर पट्टा परत करण्याजोगा राहिलेला असतो. कड्या काढून झाल्यावर तो तसा राहत नाही. माप करताना दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्या संख्येने काढायला सुरुवात करा, पण लॉक मनगटाच्या मधोमध येणं हे अंतिम प्रमाण. बहुतेक हातांवर सहाच्या बाजूला एखादी कडी कमी ठेवावी लागते. बंद केल्यावर करंगळीचं टोक पट्ट्याखाली जेमतेम शिरावं. हे माप सकाळी थंड हाताने घेऊ नका, दिवस उतरल्यावर घ्या.

काढलेल्या कड्या त्यांच्या स्क्रूंसह एका लहान पिशवीत ठेवा, आणि त्याच पिशवीत मूळ पट्टा आणि मूळ पिना. बाहेरच्या पट्ट्याची सुटी कडी नंतर सहसा मिळत नाही, आणि पाच वर्षांनी मनगट आजच्याच मापाचं असेल असं नाही.